हिमोफिलिया: ब्लीडिंग सुरू झालं की आधी काय, मग काय

हिमोफिलिया म्हणजे रक्त गोठवणारं ‘फॅक्टर’ नावाचं प्रथिन जन्मापासून कमी असणं; ते इंजेक्शनने बाहेरून द्यावं लागतं. अशा मुलाचा गुडघा धरला, म्हणजे सांध्यात रक्तस्राव सुरू झाला, की घरात धावपळ होते, पण क्रम बहुतेक वेळा उलटा लागतो. आधी तेल लावून चोळतात. मग शेक देतात. मग गावातले डॉक्टर कमरेत दुखण्याचं इंजेक्शन देतात, मग एक्स-रे निघतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी फॅक्टर मिळतो. चोळणं, शेक आणि कमरेतलं इंजेक्शन या तिन्हींनी रक्तस्राव वाढतो. एक्स-रेने हाड दिसतं, ताजं रक्त दिसत नाही, त्यात फक्त वेळ जातो. जे सगळ्यात आधी व्हायला हवं, ते सगळ्यात शेवटी होतं.

सांध्यात साठलेलं रक्त आपोआप जिरतं, हे खरं. पण जिरताना ते सांध्याच्या आतलं अस्तर सुजवतं. सुजलेल्या अस्तरात नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्या पुन्हा फुटतात आणि हळूहळू कूर्चा खाल्ली जाते. एकाच सांध्यात सहा महिन्यांत तीन किंवा जास्त वेळा आपोआप रक्तस्राव झाला, तर डॉक्टर त्याला टार्गेट जॉइंट म्हणतात. तिथपर्यंत पोहोचायचं नसेल, तर फॅक्टर पहिल्या दोन तासांत शिरेत जायला हवा. पुढचं सगळं त्या दोन तासांसाठी आहे.

१. आजाराचा कागद: आज बनवा, ब्लीडिंगच्या दिवशी नाही

एका जाड कागदावर ठळक अक्षरात एवढं लिहा: हिमोफिलिया ए की बी, फॅक्टरची पातळी किती टक्के, रक्तगट, वजन आणि ते कधी केलं त्याची तारीख, इन्हिबिटरची (फॅक्टरला निकामी करणाऱ्या प्रतिपिंडांची) शेवटची तपासणी कधी झाली आणि काय आली, कुठला फॅक्टर चालू आहे, उपचार करणाऱ्या केंद्राचा फोन. कागद लॅमिनेट करा. एक प्रत दप्तरात, एक फ्रीजच्या दारावर, एकाचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये.

ए म्हणजे फॅक्टर ८ कमी, बी म्हणजे फॅक्टर ९ कमी. बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात, पण औषध वेगळं आहे. ए च्या मुलाला फॅक्टर ९ देऊन काही उपयोग नाही, बी च्या मुलाला फॅक्टर ८ देऊन नाही. पातळी १ टक्क्यापेक्षा कमी असेल तर आजार तीव्र, १ ते ५ मध्यम, ५ ते ४० सौम्य. तीव्र प्रकारात मार लागल्याशिवायही रक्तस्राव होतो. सौम्य प्रकारात कित्येकदा दात काढताना किंवा ऑपरेशनच्या वेळीच पहिल्यांदा कळतं.

मुलाचं वजन दर तीन महिन्यांनी करून कागदावर दुरुस्त करा. दोन वर्षांपूर्वीच्या वजनावर दिलेली मात्रा अपुरी पडते.

तपासून पहा: आई-वडील घरी नसताना आजीने किंवा शाळेतल्या शिक्षकांनी हा कागद कुठल्याही डॉक्टरांच्या हातात दिला, तर त्यांना कुणाला काही विचारावं लागेल का? लागणार असेल, तर कागद अपुरा आहे.

२. फॅक्टर कुठून आणायचा, कसा ठेवायचा

साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात हिमोफिलियाचं डे-केअर केंद्र आहे. सरकारी केंद्रात फॅक्टर मोफत मिळतो. नाव नोंदवलेलं नसेल तर ब्लीडिंग नसताना, एखाद्या शांत दिवशी जाऊन नोंदवून या. निदानाचे रिपोर्ट, आधार आणि रेशनकार्ड सोबत असू द्या. निघण्याआधी फोन करून आपल्या प्रकारचा फॅक्टर शिल्लक आहे का ते विचारा. साठा कमी-जास्त होत असतो.

कोयनेच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवरून किंवा माणातल्या आतल्या गावांतून साताऱ्याला पोहोचायला एसटीने दोन-अडीच तास सहज जातात. म्हणजे गाडीत बसेपर्यंतच आपली वेळ संपलेली असते. म्हणून केंद्रातल्या डॉक्टरांशी दोन गोष्टी बोलून घ्या. घरी साठा देता येईल का, आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तो शिरेतून देण्यासाठी चिठ्ठी मिळेल का. गावाजवळच्या डॉक्टरांना सहसा फॅक्टर द्यायला हरकत नसते. हे औषध काय आहे हे माहीत नसल्यामुळे ते बिचकतात. चिठ्ठीत औषधाचं नाव, मात्रा आणि वेग लिहिलेला असला, की अडचण उरत नाही.

फॅक्टर २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचा. फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात. दारात नको, कारण दार उघडझाप होताना तापमान हलतं. फ्रीजरमध्ये तर कधीच नको, आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको. गोठलेला फॅक्टर वितळला तरी वापरायचा नाही, मग तो दिसायला कितीही चांगला असो.

लोडशेडिंगमध्ये चार-सहा तास वीज गेली, तर फ्रीज उघडू नका, आतली थंडी टिकते. त्याहून जास्त वेळ गेली तर व्हायल (औषधाची छोटी बाटली) थर्माकोलच्या पेटीत हलवा. खाली बर्फाच्या पिशव्या, वर टॉवेलची घडी, त्यावर व्हायल. व्हायल बर्फाला थेट टेकली, तर तीही गोठते. काही कंपन्यांचा फॅक्टर ठरावीक महिने साध्या तापमानाला चालतो, ते खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं. पण एकदा बाहेर काढून ठेवलेला फॅक्टर परत फ्रीजमध्ये टाकू नका. बाहेर काढल्याची तारीख खोक्यावर पेनाने लिहा.

किती साठा हवा? घरात कमीत कमी डोक्याला मार लागला तर पुरेल एवढा. हा आकडा कसा काढायचा, ते चौथ्या टप्प्यात आहे.

३. ब्लीडिंग ओळखणं: सूज दिसायची वाट पाहू नका

सूज ही पहिली खूण नाही, ती तिसरी-चौथी आहे. सांध्यात रक्त यायला लागलं की आधी आत मुंग्या आल्यासारखं, सुरसुरल्यासारखं वाटतं. मग सांधा जड होतो, गरम लागतो, पूर्ण सरळ होत नाही. मग दुखतं, आणि सगळ्यात शेवटी फुगतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला स्वतःला नेमकं कळतं. तो म्हणाला ‘आत काहीतरी होतंय’, तर ते खरं माना. पेपर चुकवायला बहाणा करतोय, असं म्हणून थांबवलेली मुलंच रात्री बारा वाजता रडतात.

बोलता न येणाऱ्या बाळात हे पहा: एक पाय टेकवत नाही, रांगताना एक हात अंगाशी धरून ठेवतो, कपडे बदलताना ठरावीक जागी हात लावला की किंचाळतो. गुडघा, घोटा आणि कोपर हे तीन सांधे सर्वात जास्त धरतात. रोज आंघोळीच्या वेळी दोन्ही गुडघ्यांवर तळहात ठेवून पाहायची सवय लावा. एक बाजू दुसरीपेक्षा गरम लागली, तर तिथेच कळतं.

एक दुखणं मात्र हमखास फसवतं. पोटाच्या खालच्या बाजूला आणि जांघेत दुखतं, मूल मांडी पोटाशी घेऊन कुशीवर पडून राहतं, पाय सरळ करायला गेलं की ओरडतं. उजव्या बाजूला असेल तर अपेंडिक्स समजून थेट ऑपरेशनपर्यंत गोष्ट जाते. हा कमरेच्या आतल्या सोआस नावाच्या स्नायूतला रक्तस्राव असू शकतो. त्यात बराच रक्तसाठा बाहेर काहीही न दिसता होतो आणि मांडीची पुढची बाजू बधिर होऊ शकते. आधी फॅक्टर, मग सोनोग्राफी. पोटावर चाकू लावण्याआधी सर्जनच्या हातात पहिल्या टप्प्यातला कागद गेलाच पाहिजे.

४. मात्रा: टक्केवारी डॉक्टरांनी सांगायची, गुणाकार तुम्ही करायचा

शरीराच्या प्रत्येक किलोमागे १ युनिट फॅक्टर ८ दिला, की रक्तातली पातळी सुमारे २ टक्क्यांनी वाढते. फॅक्टर ९ मात्र प्रत्येक किलोमागे १ युनिटला सुमारे १ टक्काच वाढवतो. म्हणून:

ए साठी: वजन × हवी असलेली टक्केवारी ÷ २
बी साठी: वजन × हवी असलेली टक्केवारी

उदाहरण घ्या. मुलाचं वजन २४ किलो, गुडघा धरलाय आणि डॉक्टरांनी ४० टक्के पातळी सांगितली आहे. २४ गुणिले ४० म्हणजे ९६०. मुलाला ए असेल तर त्याच्या निम्मे, ४८० युनिट, म्हणजे ५०० ची एक व्हायल. बी असेल तर पूर्ण ९६०, म्हणजे १००० युनिट. एकाच वजनाच्या दोन मुलांत दुपटीचा फरक पडतो. शेजारच्या गावातल्या मुलाला ५०० ने उतरलं, म्हणून आपल्यालाही ५००, हा हिशोब इथे चुकतो.

व्हायल २५०, ५००, १००० अशा युनिटमध्ये येतात. हिशोब जवळच्या मोठ्या व्हायलपर्यंत न्या आणि उघडलेली व्हायल पूर्ण द्या. उरलेलं उद्यासाठी ठेवता येत नाही.

सांध्यासाठी ४० ते ६० टक्के हे जागतिक शिफारशीतलं लक्ष्य आहे. जिथे साठा मोजकाच असतो, तिथे डॉक्टर यापेक्षा कमी, १० ते २० टक्क्यांवरही सांधा सांभाळतात. लवकर दिलेली छोटी मात्रा उशिरा दिलेल्या मोठ्या मात्रेपेक्षा जास्त काम करते. पण डोकं, मान, पोट यांना ही काटकसर लावायची नाही. तिथे लक्ष्य ए मध्ये ८० ते १०० टक्के, बी मध्ये ६० ते ८०. वरच्याच २४ किलोच्या ए च्या मुलाला १०० टक्क्यांसाठी १२०० युनिट लागतात, म्हणजे १००० ची एक आणि २५० ची एक. घरातला साठा कधीही याखाली जाऊ देऊ नका.

फॅक्टर ८ चा जोर ८ ते १२ तासांत निम्मा होतो, फॅक्टर ९ चा १८ ते २४ तासांत. दुसरी मात्रा कधी द्यायची, ते यावर ठरतं. ए मध्ये साधारण १२ ते २४ तासांनी, बी मध्ये २४ तासांनी, आणि तीही डॉक्टरांना फोनवर विचारून.

सावधान: बी च्या लहान मुलाला पहिल्या १० ते २० मात्रा रुग्णालयातच द्या. काही मुलांना फॅक्टर ९ ची जोरदार ॲलर्जी येते. ती सांभाळायला डॉक्टर आणि औषधं शेजारी लागतात.

५. फॅक्टर चढवणं

हे शिकवल्याशिवाय घरी करू नका. केंद्रात परिचारिकेसमोर दोन-चार वेळा स्वतःच्या हाताने केल्यावरच घरी सुरुवात करा. शिकलेल्यांच्याही चुका होतात, त्या बहुतेक या क्रमात होतात:

१) व्हायल आणि सोबतचं पाणी फ्रीजबाहेर काढून साध्या तापमानाला येऊ द्या, साधारण दहा-पंधरा मिनिटं. गरम पाण्यात बुडवू नका, उन्हात ठेवू नका. औषध अतिगरम झालं तर निकामी होतं.

२) स्वच्छ पुसलेलं टेबल घ्या, हात साबणाने धुवा. व्हायलवरची मुदत आणि युनिटचा आकडा मोठ्याने वाचा. वाचण्याने चूक पकडली जाते.

३) रबराची बुचं स्पिरिटच्या कापसाने पुसून वाळू द्या. दुतोंडी सुई आधी पाण्याच्या बाटलीत घाला, मग उलटी करून औषधाच्या व्हायलमध्ये. व्हायलच्या आत निर्वात असतो, पाणी आपोआप खेचलं जातं. उलट क्रमाने केलं, तर निर्वात आधीच सुटतो आणि पाणी जात नाही.

४) व्हायल दोन्ही तळव्यांत धरून हळू फिरवा. हलवू नका. जोरात हलवली की फेस येतो आणि प्रथिन बिघडतं. पूर्ण विरघळायला काही मिनिटं लागली, तरी थांबा. गढूळ दिसलं किंवा कण तरंगले, तर देऊ नका. व्हायल टाकून न देता केंद्राला परत दाखवा.

५) गाळणीच्या सुईने सिरिंजमध्ये ओढा, मग ती सुई काढून टाका. शिरेत घालायला २३ किंवा २५ गेजची बटरफ्लाय, म्हणजे पंखवाली बारीक सुई, लावा. गाळणीच्या सुईनेच टोचणं ही वारंवार दिसणारी चूक आहे.

६) दंडाला पट्टा बांधा. हाताच्या मागच्या शिरा आधी वापरा, कोपरातली मोठी शीर अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवा. सुई गेल्यावर नळीत रक्त दिसलं की आधी पट्टा सोडा, मगच औषध ढकला.

७) सावकाश ढकला. लहान मुलाला मिनिटाला १०० युनिटपेक्षा जास्त नाही, म्हणजे ५०० च्या व्हायलला कमीत कमी पाच मिनिटं. घड्याळ समोर ठेवा. मोठ्या माणसाला मिनिटाला ३ मिलीपेक्षा जास्त नाही. टोचलेल्या जागी फुगा आला तर थांबा, सुई काढा, दाबून धरा आणि दुसऱ्या शिरेत उरलेलं द्या. सुई आत ठेवून इकडे-तिकडे शीर शोधत बसू नका.

८) सुई काढल्यावर हात सरळ ठेवून पाच मिनिटं कापसाने दाबा. हात कोपरात दुमडला की शिरेचं भोक ताणलं जातं.

९) व्हायलवरचं स्टिकर काढून वहीत चिकटवा. शेजारी तारीख, ब्लीडिंग कधी जाणवलं, फॅक्टर कधी दिला, कुठला सांधा, किती युनिट, आणि दुसऱ्या दिवशी किती उतरलं. ही वही पुढे डॉक्टरांसमोर आणि प्रमाणपत्राच्या वेळी कामाला येते.

१०) सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका आणि भरला की प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या. सुई परत टोपणात घालायला जाऊ नका, हाताला सुई टोचते ती तेव्हाच.

सावधान: औषध जात असताना अंगावर पित्त उठलं, छाती दाटली, ओठ सुजले, तर लगेच थांबवा आणि १०८ ला फोन करा.

फॅक्टर मिळतच नसेल तर? ए मध्ये रक्तपेढीतलं क्रायोप्रेसिपिटेट (दात्याच्या प्लाझ्मापासून काढलेला घट्ट भाग) चालतं. त्यात फॅक्टर ९ नसतो, म्हणून बी मध्ये ते निरुपयोगी आहे. बी साठी फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा (दात्याच्या रक्तातला गोठवून ठेवलेला पातळ भाग). दोन्हींत विषाणूंचा थोडा धोका राहतो, म्हणून हा शेवटचा पर्याय आहे. तरी काहीच न देण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

६. बर्फ, आराम, पट्टी, उंची

फॅक्टर गेल्यावर लगेच हे सुरू करा. रुग्णालयात जायचं असेल, तर वाटेतच. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, पाणी भरून, तोंड घट्ट बांधून फ्रीजरमध्ये कायम दोन ठेवलेल्या असू द्या. पातळ ओल्या टॉवेलात गुंडाळून सांध्यावर १५ ते २० मिनिटं. मग काढा, आणि चार-सहा तासांनी पुन्हा. बर्फ थेट कातडीवर नको, तासन् तास तर नकोच.

सांधा मुलाला जसा बरा वाटेल तसा ठेवा, बळजबरीने सरळ करू नका. खाली उशी घ्या. क्रेप पट्टी सैलसर, बोटं गार किंवा निळी पडली तर सोडा. पायाचा सांधा असेल तर त्या पायावर एक-दोन दिवस भार नाही.

घरात काय होणार, तेही माहीत आहे. हळद-चुन्याचा गरम लेप, वाळूचा शेक, निर्गुडीचा पाला, ‘जरा चोळून देते, मोकळं होईल’ म्हणणारी मावशी, आणि गावातला हाडवैद्य. प्रेमानेच होतं सगळं. पण उष्णतेने रक्तवाहिन्या फुलतात आणि चोळण्याने जमलेली गुठळी सुटते. हाडवैद्याने सांधा ओढला, तर नवीन जागी फुटतो. घरातल्या मोठ्यांना ब्लीडिंग नसताना, शांतपणे, एकदा सांगून ठेवा. ऐन वेळी वाद घालायला वेळ नसतो.

दुखण्यासाठी: फक्त पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड नाही. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कित्येक दुखण्याच्या गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत यांतलं काहीतरी मिसळलेलं असतं. पट्टीच्या मागे लिहिलेली सगळी नावं वाचा. कमरेत किंवा दंडात, स्नायूत इंजेक्शन नाही. लस चुकवायची नाही, पण ती कातडीखाली देता येते का विचारा. स्नायूतच द्यावी लागली तर आधी पाच मिनिटं बर्फ, बारीक सुई आणि नंतर दहा मिनिटं दाब.

७. इथे वाट पाहायची नाही

डोक्याला मार लागला, मग मूल हसत-खेळत असलं तरी, आधी पूर्ण मात्रेचा फॅक्टर, मग सीटी स्कॅन. उलटी, झोपाळूपणा, डोकेदुखी यांची वाट पाहणं म्हणजे मेंदूत दाब वाढायची वाट पाहणं. गळ्यात किंवा जिभेखाली सूज, पोटात मार, काळी शौच, डोळ्याला मार, आणि पोटरी किंवा हाताच्या पुढच्या भागात ताठ सूज येऊन बोटं बधिर होणं, हेही याच यादीतलं. १०८ ची गाडी मागवा, फॅक्टर व्हायलसह सोबत घ्या. मोठ्या रुग्णालयातही तो विभागात हाताशी असेलच असं नाही.

८. तोंड, नाक, लघवी

दात पडताना किंवा जीभ चावल्यावर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची (जमलेली गुठळी टिकवणारी) गोळी कुटून थोड्या पाण्यात विरघळवा, तोंडात खळखळवून गिळायला सांगा. मात्रा डॉक्टरांनी वजनावरून दिलेली असते, साधारण किलोला २५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. दात काढायचा असेल तर आधी फॅक्टर, मग सात दिवस ही गोळी. त्या दिवसांत थंड आणि मऊ खाणं, गरम चहा नको, स्ट्रॉने पिणं नको. गुठळी त्यामुळे सुटते.

नाकातून रक्त आलं तर डोकं मागे टाकू नका. थोडं पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग सलग दहा मिनिटं दाबा.

लघवीतून रक्त आलं तर उलटं आहे. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देऊ नका, लघवीच्या मार्गात गुठळ्या अडकतात. भरपूर पाणी, आराम, आणि डॉक्टर.

९. फॅक्टर देऊनही उतरत नसेल तर

योग्य मात्रा वेळेत दिली, तरी २४ तासांत फरक नाही किंवा पूर्वीपेक्षा दुप्पट फॅक्टर लागायला लागला, तर इन्हिबिटरचा संशय घ्या. शरीराची प्रतिकारशक्ती बाहेरून आलेल्या फॅक्टरला परका समजते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. तीव्र ए असलेल्यांत सुमारे २५ ते ३० टक्क्यांत हे होतं आणि बहुतेक वेळा पहिल्या ५० मात्रांच्या आत. तपासणीचं नाव बेथेस्डा. सुरुवातीच्या काळात ती पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि मोठं ऑपरेशन ठरलं तर त्याआधी हमखास.

ही चूक कुटुंबाची नाही. ‘जास्त फॅक्टर दिला म्हणून झालं’ या भीतीने फॅक्टर टाळू नका.

इन्हिबिटर असेल तर त्याला वळसा घालून रक्त गोठवणारी औषधं लागतात, जसं फॅक्टर ७ए किंवा एपीसीसी. ए च्या रुग्णांना कातडीखाली देण्याचं एमिसिझुमॅब आता बऱ्याच जणांना चालू आहे. इन्हिबिटर असो वा नसो, ते चालतं. पण दोन गोष्टी कागदावर लिहा. पहिली, ते ब्लीडिंग टाळण्यासाठी आहे, चालू झालेलं थांबवण्यासाठी नाही. दुसरी, ते चालू असताना एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती) तपासणी नॉर्मल येते. नवीन डॉक्टर ती पाहून ‘याला काही नाही’ म्हणू शकतात. एपीसीसी आणि एमिसिझुमॅब एकत्र दिल्याने गुठळ्या होण्याचा धोका असतो, म्हणून ते केंद्राला विचारल्याशिवाय नाही.

१०. सांधा उतरल्यावर

दुखणं थांबलं की लगेच शाळेच्या मैदानावर नाही आणि महिनाभर अंथरुणातही नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत सांधा न हलवता फक्त स्नायू आवळायचा आणि सोडायचा. मांडीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, मनात पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं, असं दहा वेळा. मग हळूहळू हालचाल, मग भार. आधीइतका वाकतो आणि सरळ होतो का, ते दुसऱ्या पायाशी ताडून पाहा. मांडीचा स्नायू बारीक राहिला, तर तोच गुडघा पुन्हा धरतो.

पोहणं आणि सपाट रस्त्यावर सायकल चांगली. कबड्डी, कुस्ती नाही. घरात कुस्तीची परंपरा असेल तर हे मुलाला सांगणं जड जातं, पण सांगावं लागतं.

११. घरातल्या मुली आणि सुना

हिमोफिलिया असलेल्या पुरुषाच्या सगळ्या मुली वाहक असतात, म्हणजे आजाराचं जनुक त्यांच्याकडे येतं; मुलग्यांना वडिलांकडून हा आजार कधीच येत नाही. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजार असण्याची आणि प्रत्येक मुलीला वाहक असण्याची शक्यता ५० टक्के. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच आजार नसतो. ‘सुनेने आणलं’ म्हणून तिला बोलणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

वाहक बाईची स्वतःची फॅक्टर पातळीही तपासा, तिलाही पाळीत किंवा ऑपरेशनमध्ये जास्त रक्तस्राव होऊ शकतो. पहिलं बाळंतपण माहेरी होत असेल, तर तिच्या रिपोर्टची प्रत माहेरच्या डॉक्टरांकडे सातव्या महिन्यातच पोहोचवा. तिथे हे लिहिलेलं हवं: बाळ ओढून काढायला व्हॅक्युम आणि फोर्सेप्स (चिमटा) नाही, नाळेच्या रक्तातून फॅक्टर तपासणी, निदान येईपर्यंत बाळाला स्नायूत इंजेक्शन नाही, व्हिटॅमिन के सुद्धा तोंडाने किंवा कातडीखाली. नवजात बाळात फॅक्टर ९ मुळातच कमी असतो. बी च्या घरात पहिली तपासणी संशयास्पद आली, तर सहा महिन्यांनी पुन्हा करा. कान टोचणं, सुंता, हे फॅक्टरशिवाय नाही.

१२. अपंगत्वाचं प्रमाणपत्र

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मोजलेल्या २१ प्रकारांत हिमोफिलिया आहे. दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयातल्या तपासणीला जा. फॅक्टर पातळीचा रिपोर्ट, सांध्यांचे एक्स-रे आणि पाचव्या टप्प्यातली वही न्या.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, तर सरकारी व अनुदानित संस्थांतल्या उच्च शिक्षणाच्या ५ टक्के राखीव जागांसाठी ते चालतं. पण सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या गटांत रक्ताच्या आजारांचं नाव नाही, अस्थिव्यंगाचं आहे. मुलाचा गुडघा किंवा कोपर कायमचा अडकला असेल, तर तपासणीच्या वेळी हाडांच्या डॉक्टरांकडून त्या सांध्याची हालचाल मोजून घ्या आणि अस्थिव्यंगाचा उल्लेख प्रमाणपत्रावर वेगळा आहे का, ते तिथेच खिडकीवर वाचून पाहा. नसेल तर घरी यायच्या आधी विचारा.